उघड्या डोळ्यांचं शवासन

रेवा, मल्हार,

मागच्या रविवारी व्हिडिओवर तुम्ही दोघं मला हसलात. रेवाला तिच्या योगाच्या क्लासमध्ये शिकवलेलं सगळं आजीकडून करून घ्यायचं होतं, म्हणून मी फोन कपाटाला टेकवून सतरंजीवर आडवी झाले होते. शेवटी शवासन आलं आणि रेवा ओरडली, "आजी, चीटिंग! तुझे डोळे उघडे आहेत." मल्हार म्हणाला, "तिला झोप लागायची भीती वाटते." मीही हसले. मग तुमची जेवायची वेळ झाली आणि फोन बंद झाला.

मला शवासन ज्यांनी शिकवलं त्यांनी ते असंच शिकवलं होतं. ते कोण, हे फोनवर सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहिते आहे. तुमचे बाबा वाचून दाखवतील. वाचताना ते मध्येच थांबले तर त्यांना थांबू द्या. ते ज्या गॅलरीत वाढले तिथलीच ही गोष्ट आहे.

आमच्या परळच्या चाळीत सगळे त्यांना मास्तर म्हणत. महापालिकेच्या शाळेत ते कवायत शिकवायचे. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी उतरली नाही. खाकी हाफपँट, तिला धारदार इस्त्री, वर पांढरा गंजीफ्रॉक आणि काळ्या दोरीतली ती शिट्टी. त्यांची बायको, आमची काकी, मालवणकडची. ती म्हणायची, "लग्नातसुद्धा हेंच्या गळ्यात शिट्टी होती गो. हाराखाली."

रोज सकाळी चाळीच्या गच्चीवर मास्तर योगासनं घेत. कोणीही यावं. संस्कृत नावं त्यांना येत होती, पण ती ते वापरत नसत. ताडासन म्हणजे 'वरच्या फळीवरचा डबा'. "चला, डबा काढा. टाचा उचला. मिळाला? आता शेजारणीला द्या." वज्रासन म्हणजे 'पंगत'. भुजंगासनाला ते 'खालचं भांडण' म्हणत, कारण पालथं पडून छाती उचलली की चाळीतली माणसं कठड्यावरून वाकून भांडण बघताना जशी दिसतात तसे आम्ही दिसायचो. मी गिरगावातल्या मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते. मला प्रत्येक गोष्ट तिच्या नावाने आणि तिच्या जागी लागते, हे तुम्हाला माहीतच आहे. सुरुवातीला मला त्या वर्गात फार त्रास झाला.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना म्हटलं, "मास्तर, शवासनात डोळे मिटतात."

"कोण म्हणतो?"

"पुस्तकात आहे."

"पुस्तकाच्या घरात म्हातारं माणूस नसणार, बाई," ते म्हणाले आणि शिट्टी वाजवली. "पडा. डोळे उघडे."

नंतर जिन्यात त्यांनी मला समजावलं. रागावले नव्हते. रागावणं त्यांना जमत नसे, फक्त आवाज कवायतीचा होता. "डोळे मिटून कोणीही शांत होतो. मांजर होतं. जिन्यावरून कोण चढतंय, कुणाला धाप लागलीय, ते ऐकत, बघत शांत झालात, तर मी मानेन."

शवासन हे मास्तरांचं शेवटून दुसरं आसन होतं. शेवटच्याचं नाव 'दार'. वर्ग सुटल्यावर घरी जाताना प्रत्येकाने कुठल्या तरी एका दारात थांबायचं आणि विचारायचं, "काय हवंय का?" आपल्या नातेवाइकांचं दार चालणार नाही. काल विचारलेलंही चालणार नाही. आणि दुसऱ्या दिवशी गच्चीवर पाय ठेवल्या ठेवल्या मास्तर विचारणार, "काल कोण?"

मी पहिलं दार वाजवलं ते आमच्याच मजल्यावरच्या बाईंचं. गॅलरीतल्या वाळवणाच्या दोरीवरून आमचं बोलणं बंद होतं. मी विचारलं, "काय हवंय का?" बाई माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहत म्हणाल्या, "हवंय. तुमची दोरी काढा."

मी मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते इतके हसले की शिट्टीतून आपोआप आवाज आला. "मग? काढली?"

"वीतभर सरकवली."

"छान. वीतभर पुरे. आसन एकदम पूर्ण जमत नाही."

त्या संध्याकाळी बाईंकडून ताटलीत झाकून आंबोळ्या आल्या. तुमच्या आजोबांनी त्या खाल्ल्या, पण मास्तर त्यांना शेवटपर्यंत आगाऊ वाटत. वाटावेत असेच ते होते. लग्न होऊन आठवडा झालेल्या जोडप्याचं दार त्यांनी वाजवलं होतं. कुणी आजारी पडलं तर डॉक्टरच्या आधी मास्तर. कुणाच्या घरातलं भांडण ऐन रंगात आलं की दारात हाफपँट, "काय हवंय का?" आजोबा त्यांची शिट्टी ऐकली की मोरीत जाऊन नळ सोडायचे. मास्तर बाहेरून म्हणत, "साहेब, पाणी वाया जातंय," आणि जात.

मास्तर चिडल्यासारखे मी एकदाच पाहिले. तळमजल्यावर एक गृहस्थ होते, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्यांच्यासारखं शीर्षासन गच्चीवर कुणाचं होत नसे. पाय सरळ, चेहरा प्रसन्न. एका सकाळी दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात एका म्हाताऱ्या बाईच्या हातातली पिशवी फाटली आणि हरभरे सगळ्या पायऱ्यांवरून खाली घरंगळले. हे गृहस्थ त्यांवरून पाय जपत वर आले आणि आपल्या जागी बसले. मास्तरांनी गच्चीच्या दारातून सगळं पाहिलं होतं. त्यांनी आम्हा सगळ्यांना जिन्यात नेलं. एकेक हरभरा वेचून होईपर्यंत आम्ही वाकत होतो, उकिडवे बसत होतो, जिन्याच्या कोपऱ्यात हात घालत होतो. त्या दिवशी दुसरं काही झालं नाही. जाताना मास्तर त्या गृहस्थांना म्हणाले, "तुमचं शीर्षासन उत्तम आहे. उद्यापासून घरी करा."

"का? मी काय केलं?"

"काही नाही केलंत."

ते गृहस्थ काही महिन्यांनी परत आले, तेव्हा मास्तरांनी काहीएक न विचारता त्यांना पहिल्या ओळीत जागा दिली. तेही मला आगाऊपणाचंच वाटलं होतं. आता वाटत नाही.

मला हे इथेच थांबवता आलं असतं तर बरं झालं असतं. तुम्हाला एक गमतीदार मास्तर मिळाले असते.

काकीला विसर पडू लागला तो चाळीतच. आधी मीठ दोनदा पडायचं, मग पडायचंच नाही. मग ती घरातून निघायला लागली. दुपारी मास्तरांचा डोळा लागला की काकी उठायची, गॅलरीतल्या चपलांच्या रांगेतून हाताला लागतील त्या चपला घालायची, एखादी आमच्या घरची, एखादी शेजारची, आणि चालू पडायची. तिचा एक पाय ओढल्यासारखा पडत असे, त्यामुळे आवाज ओळखू यायचा. एक फट्, मग एक लांब सर्र. तो आवाज आला की ज्या दारात जी असेल ती तिथूनच हाक मारायची, "काकी, खंय चाललंस?"

काकी थांबायची. विचार करायची. "बाजारात."

"बाजार बंद आहे. चहा घे, ये."

"बंद आसा?" काकी म्हणायची आणि चहा प्यायला आत यायची. कधी ती हिंदमाताला साडी घ्यायला निघालेली असे. दर दिवाळीला मास्तरांना ओढत ती तिथे न्यायची, आणि मास्तर दुकानाच्या पायरीवर बसून राहायचे. कधी माहेरी निघालेली असे. उत्तर काहीही असो, तिला धरायला, अडवायला, ओढायला कधी हात लावावा लागला नाही. कुणीतरी विचारलं की ती थांबे, एवढंच. सगळा मजला तिला दिवसभर विचारत होता आणि काकी रोज आपल्या घरात झोपत होती. डॉक्टरांनी मास्तरांना सांगितलं होतं की बाहेरून कडी घाला. मास्तरांनी घातली नाही. म्हणाले, "एवढी दारं उघडी असताना हिचं का बंद करू?"

मग चाळ पाडायची ठरली. आम्ही काही वर्षं माझगावला संक्रमण शिबिरात काढली. तिथे चाळीतली अर्धी माणसं पांगली, काही तिथेच वारली, पण उरलेली दाराला दार लागून होती, म्हणून काकीचं निभावलं. टॉवर उभा राहिला, तो तुम्ही पाहिला आहे. तुम्हाला लिफ्ट आवडली होती. एका अंगाला आम्ही जुने भाडेकरू, दुसऱ्या अंगाला विकत घेऊन आलेली माणसं, आणि मध्ये गाड्यांच्या मजल्यांच्या वर ती बाग, जिला सगळे पोडियम म्हणतात. माणसं वाईट नाहीत, हे मी आधीच लिहून ठेवते. लिफ्टमध्ये 'गुड मॉर्निंग' म्हणतात. माझ्या हातात पिशवी असली तर दार धरून ठेवतात. पण दारं बंद असतात, आणि आमच्या बाजूचीही बंद झाली. एसी लागले. ज्या बाईंनी मला दोरी काढायला सांगितली होती त्यांच्याही दाराला आता आतून बाहेरचं दिसणारं भिंग आहे, आणि त्या भिंगातून बघून त्या कधी उघडतात, कधी नाही.

पहिल्याच महिन्यात काकी लिफ्टने खाली गेली. लिफ्टमध्ये, बागेत, फाटकात तिला कुणी काही विचारलं नाही. विचारायला कुणी ओळखतच नव्हतं. मास्तरांना ती फाटकाबाहेर नारळवाल्याच्या गाडीपाशी सापडली. त्या दिवशी ते माझ्याकडे आले आणि बसायला सांगितलं तरी उभेच राहिले. मास्तरांच्या चेहऱ्यावर भीती मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"बाई, पोडियमवर वर्ग काढतो."

"आता? या वयात?"

"ही माणसं खाली उतरली पाहिजेत. रोज हिला बघितलं तर ओळखतील. ओळखली की विचारतील. दुसरं काय लागतं हिला?"

तेव्हा कुठे मला नीट कळलं की गच्चीवरची ती सगळी वर्षं हा माणूस माणसांना नेमकं काय शिकवत होता. ते आता त्याला स्वतःसाठी हवं होतं आणि ते मिळेल याची त्याला खात्री नव्हती.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी परवानगी दिली. तरुण, सभ्य माणूस. "मास्तर, ग्रेट आयडिया. फक्त ती शिट्टी नको, पहिल्या मजल्यावर लहान बाळ आहे." मास्तरांनी शिट्टी गंजीफ्रॉकच्या आत टाकली. दोरी बाहेर दिसायची. मग वर्गातल्या काहींनी घरी जाताना खरोखरच दारं वाजवली, "काय हवंय का?" तर सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रारी आल्या. सकाळी सकाळी बेल का? हे काही विकायला आलेत का? सेक्रेटरी पुन्हा आले. "मास्तर, बेल नको प्लीज. लोकांची प्रायव्हसी असते. कुणाला काही हवं असेल तर ते ग्रुपवर टाकतील ना."

"मिठाची वाटी ग्रुपवर टाकणार?"

"ॲप आहे, मास्तर. दहा मिनिटांत मीठ येतं."

मास्तरांनी 'दार' सोडलं. मी त्यांना म्हटलं, "हे काय? तुम्ही असे नव्हता."

"चिडून काय मिळणार? चिडलो तर उद्या कोण येणार? आली पाहिजेत माणसं." आणि काकीकडे पाहिलं.

वर्गाच्या वेळी काकी प्लास्टिकच्या खुर्चीत बाजूला बसायची. पहिल्या दिवशी मास्तरांनी सगळ्यांना तिच्यासमोर उभं केलं आणि एक वाक्य शिकवलं, आसन शिकवावं तसं. "ही काकी. ही चालायला लागली की म्हणायचं, 'काकी, खंय चाललंस?' म्हणा." सगळ्यांनी म्हटलं. दुसऱ्या अंगाकडच्या एका मॅडमना ते फार गोड वाटलं. त्यांनी त्याचा व्हिडिओ काढला. काही दिवस सगळे येता-जाता म्हणत होते आणि काकी लाजून हसत होती. मग ते हळूहळू थांबलं. कुणी ठरवून थांबवलं नाही. नवीन गोष्ट जुनी झाली.

आणि एक दिवस त्याच मॅडम अगदी आदराने म्हणाल्या, "सर, तुमचं सगळं छान आहे, पण शवासनात डोळे बंद हवेत ना? माझ्या ॲपमध्ये आय मास्क घालायला सांगतात. आणि खरं सांगू, दिवसभरात मला तेवढीच पाच मिनिटं मिळतात. बाकी सगळा वेळ कुणाला तरी काहीतरी हवंच असतं."

वर्गातल्या कितीतरी जणांनी माना हलवल्या. आमच्या बाजूच्याही.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "बरं," ते म्हणाले. "पडा. मिटा डोळे."

ज्या सकाळी ते घडलं तेव्हा मी इथे नव्हते. गिरगावात धाकट्या बहिणीकडे राहायला गेले होते. मे महिना होता. पुढचं मला मास्तरांनी, मॅडमनी आणि वॉचमनने जसं सांगितलं तसं लिहिते.

शवासन चालू होतं. कुणीतरी फोनवर बासरी लावली होती. सगळे डोळे मिटून पडले होते. काकी खुर्चीतून उठली. चटयांच्या बाजूला सगळ्यांच्या चपला होत्या. त्यांतल्या दोन तिने पायात घातल्या आणि पडलेल्या माणसांच्या रांगांमधून चालत निघाली. मॅडम मला रडत रडत म्हणाल्या, "आँटी, माझ्या कानापाशी आवाज आला होता. वाटलं, सर राउंड घेत असतील." आणखी एकाला वाटलं, कुणाला घाई असेल, निघालं असेल. फाटकावरचा वॉचमन त्याच आठवड्यात लागला होता. म्हातारी बाई नीट साडीत, चपला घालून, ताठ चालत येते आहे, म्हणून त्याने सलाम केला आणि फाटक उघडलं.

शवासन संपलं तेव्हा एकाला त्याची चप्पल मिळेना. ती शोधण्यात थोडा वेळ गेला. मग कुणाचं तरी लक्ष खुर्चीकडे गेलं.

मला फोन आला तशी मी टॅक्सी करून आले. सगळा टॉवर शोधत होता, हे खरं आहे. ग्रुपवर फोटो गेला. गाड्या निघाल्या, पोलिसात जाऊन आले, लालबागपर्यंत माणसं हिंडली. मास्तर आणि मी चालत निघालो. ते प्रत्येक दुकानात, प्रत्येक फुटपाथवर थांबून विचारत होते आणि लोक नीट उत्तर देत होते. मला मध्येच वाटलं की आता, आत्ता या रस्त्यावर मास्तरांचं ते शेवटचं आसन चालू आहे, आणि एवढी दारं एका दिवसात त्यांनी आयुष्यात कधी केली नसतील.

ऊन उतरताना ती सापडली. हिंदमाताला, एका साड्यांच्या दुकानाच्या पायरीवर, मास्तर बसायचे तशी बसली होती. दोन पायांत दोन वेगळ्या चपला, एक पुरुषाची. चेहरा लाल झाला होता आणि ओठांवर पांढरी साय आल्यासारखं. सकाळपासून ती तिथे होती. लग्नसराई होती, दुकानात रीघ होती. शेकडो माणसं तिच्या शेजारून पायरी चढली आणि उतरली असतील.

दुकानातला माणूस हात जोडून मास्तरांना सांगत होता, "काका, आम्हाला वाटलं आत कुणीतरी खरेदी करतंय, त्यांच्या आजी असतील. इथे नेहमीच कुणी ना कुणी बसतं. एसीत बसा म्हणावं असं वाटलं होतं, पण म्हटलं त्यांची माणसं बघतील." तो खरंच हादरला होता. त्याने स्वतः पाणी आणलं, स्वतः टॅक्सी थांबवली.

मास्तर खाली पायरीवर बसले. काकीने त्यांच्याकडे पाहिलं. ओळखलं की नाही ते मला कळलं नाही. पण तिने विचारलं. दिवसभर जे तिला कुणी विचारलं नव्हतं ते तिने त्यांना विचारलं, अगदी काळजीने.

"खंय होतंस?"



इस्पितळात ऊन लागल्याचं सांगितलं. मग ताप, मग छातीत कफ. काकी काही दिवसांतच गेली. ग्रुपवर दिवसभर जोडलेले हात येत राहिले. सेक्रेटरी सगळ्या विधींना हजर होते. मॅडमनी सुचवलं की काकींच्या स्मरणार्थ वर्ग चालू ठेवावा, आणि तो चालू आहे. आता एक प्रशिक्षक येतो, फार चांगला आहे, आसनांची खरी नावं घेतो. शवासनात बासरी असते.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी मी मास्तरांकडे गेले. त्यांच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा होता. गळ्यात दोरी नव्हती. मी काही विचारायच्या आत ते बोलायला लागले.

"बाई, सगळे म्हणतात, कुणाला कळलं नाही."

"नाहीच कळलं, मास्तर. डोळे मिटलेले होते."

"मी ऐकल्या तिच्या चपला."

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले.

"तिची चाल मी झोपेत ओळखतो. फट् आणि सर्र. माझ्या डोक्यापासून हातभर लांबून गेली. पण मीच सांगितलं होतं ना, मिटा म्हणून. मास्तरनेच उघडायचे? मॅडम काय म्हणतील? पुन्हा म्हणतील, म्हाताऱ्याला कुणाला पाच मिनिटं द्यायची नाहीत." मग ते फार हळू, कवायतीच्या आवाजाचा मागमूस नसलेल्या स्वरात म्हणाले, "आणि वाटलं, एवढी माणसं आहेत. कुणीतरी विचारील."

मी त्यांना सांगू शकले असते की तुमची चूक नाही. तसं सगळ्यांनी सांगितलंच होतं. मी कुणाचीच चूक शोधू शकले नाही आणि आजही शोधू शकत नाही, आणि तेच मला सहन होत नाही. या सगळ्यात एक जरी दुष्ट माणूस असता तर मी त्याच्यावर रागावून मोकळी झाले असते. तुम्ही मला नेहमी विचारता, आजी, मग त्यातून काय शिकायचं? मुलांनो, मला माहीत नाही. त्यांनी जन्मभर जे शिकवलं ते खरं होतं, आणि ते टिकलं नाही. दोन्ही मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

मास्तरांनी आता आपलं दार बंद केलं आहे. चाळ होती तोवर ज्यांच्या दाराला कडी कशी लागते हे आम्हाला माहीत नव्हतं, ते आता आतून कडी आणि वर साखळी लावतात. डबा येतो, तो बाहेर मुठीला लटकलेला असतो. भाचा विरारहून महिन्यातून एकदा येतो. वर्गाच्या वेळी मी खाली जात नाही. माझ्या खोलीत सतरंजी घालते, डबा काढते, पंगतीला बसते, खालचं भांडण बघते. मग आडवी होते. डोळे उघडे. आकाश नाही, जिना नाही. छत दिसतं आणि थोडं वळलं तर दाराची फट दिसते. बाहेर पावलं वाजली की मी कान देते. बहुतेक वेळा लिफ्ट असते.

आणि मग मी शेवटचं आसन करते. मास्तरांचा मजला माझ्या खालचाच आहे. कालचं दार चालत नाही हा त्यांचा नियम होता. मी तो मोडला आहे. मी रोज तेच दार वाजवते. बेल नको म्हणून बोटांनी वाजवते. दाराच्या पलीकडे पाय ओढल्याचा आवाज येतो आणि दाराशी येऊन थांबतो. साखळी काढत नाहीत.

"मास्तर, काय हवंय का?"

मग आतून येतं, "नको, बाई."

तेवढं ऐकते आणि जिना चढून वर येते.